थंडी पडायच्या आधी धुराड्याकडे एकदा बघून घ्या

दरवर्षी तेच होतं. सहा-सात महिने आमचा, म्हणजे धुराडी साफ आणि दुरुस्त करणाऱ्यांचा, फोन गपगार पडलेला असतो, मग एका रात्री अचानक गारठा पडतो, लोक फायरप्लेस पेटवायला बसतात, धूर वर जायचं सोडून हॉलमध्ये येतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून सगळ्यांचे फोन एकदमच सुरू. प्रत्येकाला उद्याच माणूस पाहिजे असतो. आमची माणसं तेवढीच, शिड्या तेवढ्याच आणि दिवस तर उलटा लहान झालेला, त्यामुळे नंबर लागायला तीन-चार आठवडे जातात, लोक चिडतात, आणि खरं सांगू का, त्यांचं काही चुकत नाही, घर गार पडल्यावर कोण शांत बसेल.

म्हणून हे पत्रक काढलंय. पानगळीच्या सीझनसाठी आम्ही काय तयारी करतो आणि तुम्ही काय करून ठेवलंत तर तुमचं काम लवकर होईल, ते यात आहे. जरा लांबलंय, पण फोनवर हेच दिवसातून वीस वेळा सांगण्यापेक्षा बरं.

लवकर बोलवा असं का म्हणतो

लोकांना वाटतं आम्हाला गर्दी नको म्हणून सांगतो. तेही आहेच, नाही कशाला म्हणू. पण मोठं कारण सिमेंटचं आहे. धुराड्याच्या डोक्यावर जो सिमेंटचा थर असतो, ज्याला आम्ही क्राउन म्हणतो, त्याला तडा गेला असेल किंवा विटांमधल्या दरजा सुटल्या असतील तर तिथे नवीन माल भरावा लागतो, आणि हवा साधारण ५ अंश सेल्सिअसच्या खाली गेली की तो माल नीट धरत नाही. त्यातलं पाणी गोठलं तर ते सुमारे ९ टक्के फुगतं आणि नवी दरज आतूनच भुसभुशीत होते. म्हणजे ऐन थंडीत तुम्ही बोलावलंत आणि आम्हाला वर तडा दिसला, तर आम्ही फार तर तात्पुरतं झाकून देऊ, खरं काम ऊन पडेपर्यंत थांबणार, आणि ती अख्खी थंडी तुमच्या विटा पाणी पिणार, गोठणार, फुगणार, त्यांचे टवके उडणार. हेच उन्हाळ्यात दिसलं असतं तर दोन दिवसांचं काम होतं.

दुसरं म्हणजे आतली काजळी. थंडी संपली की लोक फायरप्लेसचा दरवाजा लावून मोकळे होतात, काजळी मात्र आतच राहते. दमट हवा लागली की ती आंबट होते, म्हणजे ॲसिडिक, आणि दरजा नि लोखंडी पत्रा हळूहळू खात बसते. पावसाळी हवेत घरात जो जळकट डांबरासारखा वास येतो ना, तो तिचाच. त्यामुळे आम्हाला विचाराल तर सर्व्हिसची सगळ्यात चांगली वेळ म्हणजे शेवटची आग विझली की लगेच. ऐकतं कोण ते सोडा.

आत नक्की काय जमतं

लाकडाच्या धुरात वाफ असते, अर्धवट जळलेले वायू असतात, डांबराचे बारीक कण असतात. धुराड्यातून वर जाताना हा धूर थंड होतो, साधारण १२० अंशांच्या खाली गेला की त्यातलं बरंच काही भिंतीवर बसायला लागतं. याला क्रिओसोट म्हणतात. पहिल्या अवस्थेत ते काजळीसारखं भुरभुरीत असतं, ब्रश फिरवला की पडतं. दुसऱ्या अवस्थेत काळे चकचकीत कडक पापुद्रे होतात, ते निघतात पण हात दुखतात. तिसरी अवस्था म्हणजे भिंतीवर कुणी डांबर ओतून वर पॉलिश केल्यासारखं, त्यावर ब्रश नुसता घसरतो. तिथे मग केमिकल मारून ते आधी ठिसूळ करायचं, किंवा मोटरवर फिरणाऱ्या साखळ्यांनी फोडायचं, आणि नाहीच जमलं तर आतला पाइप, म्हणजे लायनर, बदलायचा. एका तासाचं काम चार व्हिजिटवर जातं ते इथे.

उघड्या विटांच्या फायरप्लेसमध्ये ३ मिलिमीटर थर दिसला की साफ करायचं, आणि तो चकचकीत थर असेल तर ३ मिलिमीटरची पण वाट बघायची नाही. कारण हे सगळं जळणारं आहे. धुराड्यात आग लागली की आत १००० अंशांच्या वर तापमान जाऊ शकतं, धुराड्याच्या आत बसवलेल्या मातीच्या नळ्या तडकतात आणि त्या तड्यातून उष्णता भिंतीतल्या लाकडापर्यंत पोचते. आवाज रेल्वे जवळून गेल्यासारखा धडधड येतो असं म्हणतात, येतोही, पण काही आगी इतक्या मंद असतात की घरातल्यांना कळतच नाही, नंतर आम्ही कॅमेरा आत सोडतो तेव्हा फुगलेली मधाच्या पोळ्यासारखी काजळी आणि तडकलेली नळी दिसते. तिथून पुढे मात्र पेटवायचं नाही, दुरुस्ती होईपर्यंत नाहीच.

हे इतकं जमतं कशाने, तर बहुतेक वेळा ओल्या लाकडाने. ताज्या कापलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मं पाणी असू शकतं, ते जाळलं की बरीच उष्णता पाणी उकळण्यातच जाते, धूर गार आणि डांबर जास्त. जाळायचं लाकूड २० टक्क्यांच्या खाली ओलावा असलेलं पाहिजे, म्हणजे फोडून, वरून झाकून पण बाजूने वारा लागेल असं सहा महिने ते वर्षभर ठेवलेलं, ओकसारखं घट्ट लाकूड असेल तर त्याहून जास्त. दोन ओंडके एकमेकांवर आपटून बघा, सुकं लाकूड टणकन वाजतं आणि ओलं थप्प करतं. ओलावा मोजायचं मीटर घेतलं असेल तर ओंडका फोडून ताज्या बाजूला टोचा, बाहेरून टोचलं तर ते नेहमीच सुकं दाखवतं आणि तुम्ही खूश.

दुसरी सवय म्हणजे रात्री झोपताना हवा पूर्ण बंद करून लाकूड धुमसत ठेवणं. सकाळपर्यंत ऊब राहते हे बरोबर, पण रात्रभर थंड धूर वर सरकत असतो, त्यापेक्षा लहान पण जोरात जळणारी आग केव्हाही चांगली.

आमच्याकडे काय चालू असतं

सीझनच्या आधी दोन-एक महिने आमचं गोडाऊन एखाद्या गॅरेजसारखं दिसतं. ब्रश बदलायचे, तेही एका जातीचे नाहीत, मातीच्या नळीला स्टीलच्या तारेचा चालतो पण स्टीलच्या लायनरला प्लास्टिकचा लागतो, नाहीतर पत्र्यावर ओरखडे येतात. रॉडचे आटे तपासायचे, कारण मध्येच रॉड सुटून ब्रश आत अडकला की तो काढण्यात अख्खा दिवस जातो (झालंय एकदा, त्याच्यावर अजून हसतात पोरं). व्हॅक्युमचे बारीक फिल्टर, शिड्या, दोर, हार्नेस, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या, वरच्या टोप्या वेगवेगळ्या मापाच्या, लाकूड जाळायच्या बंद स्टोव्हच्या दाराला लागणारी दोरीची गॅस्केट, हे सगळं आधीच भरून ठेवतो, कारण ऐन गर्दीत सप्लायरकडे पण माल संपलेला असतो.

नवीन पोरं घेतो ती याच वेळी, पण त्यांना एकट्याने पाठवत नाही, पहिला सीझन ती जुन्या माणसाबरोबरच फिरतात. आणि मास्क-हातमोजे कंपल्सरी. काही ग्राहक हसतात एवढा अवतार बघून. पण लंडनच्या पर्सिव्हल पॉट नावाच्या सर्जनने १७७५ मध्ये लिहून ठेवलंय की धुराडी साफ करणाऱ्यांना होणाऱ्या कॅन्सरचा संबंध काजळीशी आहे, कामामुळे कॅन्सर होतो हे दाखवणाऱ्या पहिल्या काही नोंदींतली ती एक आहे. तेव्हा लहान पोरांना धुराड्यात चढवायचे. आज आम्ही रॉड आत घालतो, माणूस नाही, तरी काजळी तीच आहे.

जुन्या प्रत्येक ग्राहकाची आमच्याकडे फाइल असते, धुराडं किती उंच, नळी कशाची, मागच्या वेळी किती निघालं, फोटो. तुम्ही जागा बदलली असेल, स्टोव्ह नवीन बसवला असेल किंवा लाकडावरून गॅसवर गेला असाल तर बुकिंग करतानाच सांगा, नाहीतर आम्ही चुकीचा ब्रश घेऊन दारात उभे. अमेरिकेत एनएफपीए नावाच्या अग्निसुरक्षा संस्थेचं एनएफपीए २११ हे मानक आहे, त्यात वर्षातून एकदा तपासणी सांगितलीय आणि घर विकलं-घेतलं, उपकरण बदललं किंवा धुराड्यात आग लागून गेली तर नुसतं वरवर न बघता आतून पूर्ण तपासा असंही आहे. आम्हाला ते पटतं, म्हणून नवीन घर घेतलेल्यांना आम्ही कॅमेऱ्याशिवाय पेटवायची परवानगी देत नाही, रागावलात तरी चालेल.

आम्ही यायच्या आदल्या दिवशी

निदान चोवीस तास आग पेटवू नका. हे सगळ्यात जास्त विसरलं जातं, आम्ही येतो आणि आत निखारे, मग आम्ही परत. फायरप्लेससमोरचं सामान दोन मीटर मागे सरकवा, वरच्या फळीवरचे फोटो-शोभेच्या वस्तू काढून ठेवा, कुत्रा-मांजर दुसऱ्या खोलीत. चादरी आणि व्हॅक्युम आम्ही आणतो, घर काळं करून जात नाही. घरात मोठं कुणीतरी असू द्या. साधारण तास-दीड तास लागतो, मात्र पाऊस किंवा जोराचा वारा असेल तर छतावर कुणाला चढवणार नाही, त्या दिवशी खालून होईल तेवढं करू आणि वरचं दुसऱ्या दिवशी.

आणि आठवून ठेवा, मागच्या थंडीत किती लाकूड जाळलंत, वास कधी येतो, धूर कुठल्या वाऱ्याला आत येतो. तुम्ही सांगितलेल्या अशा एका वाक्याने आमचा अर्धा तास वाचतो.

धूर आत येतोय म्हणजे धुराडं तुंबलंय असंच नसतं हं. वरची झडप, म्हणजे डॅम्पर, बंद राहिलेली असते. किंवा नळीत थंड हवेचं बूच बसलेलं असतं, मग एक कागद गुंडाळून पेटवून झडपेजवळ धरला की ती गरम होऊन ओढ सुरू होते. किंवा घर इतकं पॅक केलेलं असतं आणि वर किचनचा एक्झॉस्ट फॅन चालू, की तो फॅन धुराड्यातूनच हवा खाली ओढतो, खिडकी बोटभर उघडून बघा, धूर थांबला तर हेच कारण. कधी धुराडंच बुटकं असतं. छतातून बाहेर पडतं तिथून किमान ३ फूट वर, आणि आजूबाजूला १० फुटांत जे काही असेल त्याच्यापेक्षा २ फूट वर, असा साधा हिशोब आहे.

आणि हो, चिमणीत चिमणीने घरटं केलेलं असेल तर (हा विनोद आम्ही रोज ऐकतो) स्वतः काठी घालू नका. पिल्लं असतील तर उडून जाईपर्यंत थांबतो, काही पक्ष्यांना कायद्याचं संरक्षण पण असतं. नंतर घरटं काढून जाळीची टोपी बसवतो म्हणजे पुढच्या वर्षी प्रश्न नाही.

गॅसवाल्यांनी पण वाचा. गॅसची काजळी कमी म्हणून तपासणी नको असं नाही, त्याच्या धुरात वाफ भरपूर असते, लायनर आतून गंजतो, घरटं पडून नळी बंद झाली तरी वरवर काही दिसत नाही आणि कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. त्याचा अलार्म घरात हवाच, झोपायच्या खोल्यांजवळ. डोकं जड झालं, मळमळलं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं तर आम्हाला फोन करायच्या आधी बाहेर पडा आणि इमर्जन्सीला फोन करा.

ते धुराडं साफ करणारे ओंडके मिळतात त्याबद्दल सगळे विचारतात. ते जाळले की क्रिओसोट थोडं सुकतं, सुटं होतं, पण सुटलेलं ते जातं कुठे, तर पडतं आतल्याच कट्ट्यावर किंवा वळणावर. ब्रशच्या आधी मदत म्हणून ठीक, ब्रशच्या ऐवजी नाही.

नंबर लागेपर्यंत

शंका असेल तर पेटवू नका, एवढं ऐका. राख काढाल ती झाकणाच्या लोखंडी बादलीत, घराबाहेर, लाकडी ओट्यावर नको, राखेखाली निखारे दिवसचे दिवस जिवंत राहतात. आणि आतून धडधड आवाज आला, वरून ठिणग्या उडाल्या तर सगळ्यांना बाहेर काढा, फायर ब्रिगेडला फोन करा, जाता जाता जमलं तर स्टोव्हची हवा बंद करा. वर चढून पाणी ओतू नका, तापलेली नळी एकदम फुटते.

बुकिंग आम्ही भागाप्रमाणे लावतो, एका बाजूची घरं एका दिवशी, म्हणजे रस्त्यात वेळ जात नाही, त्यामुळे तुमच्या शेजाऱ्यांनाही करायचं असेल तर एकत्र कळवा, दोघांचा नंबर लवकर लागेल. रोज सकाळचा एक स्लॉट आम्ही रिकामा ठेवतो, तो ज्यांच्याकडे ऊब मिळण्याचं दुसरं साधन नाही त्यांच्यासाठी, घाई आहे म्हणून तो मागू नका. आणि ठरलेल्या दिवशी जमणार नसेल तर आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत सांगा, यादीतला पुढचा माणूस स्वेटर घालून बसलेला असतो.