एसएसडी आली तरी हार्डडिस्क का राहिली

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जुना पीसी घेऊन गेलात नि स्लो चालतोय म्हणालात की बहुतेक दुकानांत एकच उत्तर मिळतं, एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारा ड्राइव्ह) टाका, हार्डडिस्क राहू दे डेटाला. काउंटरवर दोन सेकंदात सांगितला जाणारा हा सल्ला तयार व्हायला बरीच वर्षं गेलीत, आणि ती कशी गेली ते समजलं की कुठली फाइल कुठे ठेवायची हे वेगळं विचारावं लागत नाही.

आधी हार्डडिस्क. १९५६ साली आयबीएमने रॅमॅक मशीनसोबत पहिली आणली, २४ इंचाच्या ५० तबकड्या आणि त्यात मावायची फक्त ५० लाख अक्षरं, म्हणजे आजच्या मोबाइलचा एखादा फोटो. १९८० मध्ये सीगेटने तेवढाच ५ एमबी डेटा सव्वापाच इंचाच्या डिस्कमध्ये बसवला नि ती टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये शिरली. पुढे एमबीचे जीबी झाले, जीबीचे टीबी झाले, पण तबकडी फिरणार आणि तिच्यावरचा डेटा वाचणारा हेड सरकणार हे काही बदललं नाही. घरच्या पीसीतली डिस्क मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला ८ मिलिसेकंदांच्या वर, आणि हेड जागेवर पोचायला लागणारा वेळ वेगळाच. लग्नाचा मोठा व्हिडिओ सलग वाचायचा असेल तर ती आजही सेकंदाला शंभर-दीडशे एमबी देते, तिथे तक्रार नाही, पण विंडोज चालू होताना हजारो बारक्या फाइली डिस्कच्या इकडून तिकडून मागवल्या जातात आणि तिथे ती सेकंदाला जेमतेम शंभरेक ठिकाणी पोचते. प्रोसेसर तोवर नुसता थांबून असतो, आणि आपण म्हणतो कॉम्प्युटर जुना झाला.

दुसरीकडे तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश मेमरी शोधली, म्हणजे वीज गेली तरी डेटा धरून ठेवणारी चिप, एसएसडी तिच्यावरच चालते. त्यातला नॅन्ड हा प्रकार, जो आज सगळीकडे आहे, तो १९८७ ला जगासमोर आला. पुढे सॅनडिस्क झालेल्या कंपनीने १९९१ मध्ये २० एमबीची एसएसडी काढली, भाव हजार डॉलरच्या आसपास. घरगुती माणसाचा संबंधच नव्हता. तो आला २००८ मध्ये, इंटेलची ८० जीबीची एक्स२५-एम आली तेव्हा, पण तिचाही भाव ५९५ डॉलर, म्हणजे तेव्हाचे पंचवीस हजारांच्या वर, त्या पैशात इथे अख्खा असेंबल्ड पीसी उभा राहायचा. जोडी जमली ती खरं तर या भावामुळे. सगळा डेटा एसएसडीवर ठेवणं परवडत नव्हतं, मग जिथे वेग लागतो तेवढंच तिच्यावर ठेवायचं नि बाकीचं जुन्या डिस्कवर.

आणि माझं ठाम मत आहे की आपल्याकडे ही पद्धत लगेच रुजली कारण मन आधीच तयार होतं. विंडोज एक्सपीच्या काळापासून एकाच हार्डडिस्कचे सी, डी, ई असे तुकडे पाडून सी वर विंडोज नि बाकीच्यांवर डेटा ठेवायची सवय होती, व्हायरस आला की सी फॉरमॅट, डी ला हात लावायचा नाही. गिरगावातल्या डीटीपीवाल्यांपासून दादरच्या फोटो स्टुडिओपर्यंत सगळे असंच काम करायचे. एसएसडी आल्यावर सी तिच्यावर गेला, डी जिथे होता तिथेच राहिला, हाताला काही नवीन शिकावंच लागलं नाही.

सॉफ्टवेअर मात्र मागे होतं. फ्लॅशमध्ये जुन्यावर थेट लिहिता येत नाही, आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, आणि कुठली फाइल आपण डिलीट केलीय हे ड्राइव्हला कोणी सांगतच नव्हतं. ते सांगणारी ट्रिम कमांड २००९ च्या विंडोज ७ मध्ये आली, म्हणून एक्सपीवर एसएसडी टाकलेले पीसी काही महिन्यांनी पुन्हा जड व्हायचे.

मग २०११ चा थायलंडचा पूर. वेस्टर्न डिजिटलचे कारखाने पाण्यात गेले, हार्डडिस्कचे भाव जवळपास दुप्पट झाले, आणि एसएसडी तेवढी महाग वाटेनाशी झाली. त्याच वर्षी इंटेलने छोट्या एसएसडीला हार्डडिस्कचा कॅश, म्हणजे नेहमी लागणाऱ्या डेटाची हाताशी ठेवलेली प्रत, बनवायची सोय दिली, २०१२ ला अ‍ॅपलने फ्युजन ड्राइव्ह काढला, दोन्हींचा एकच ड्राइव्ह दिसायचा नि कुठे काय ठेवायचं ते मशीन ठरवायचं. कल्पना छान, पण त्यातली एक डिस्क गेली की सगळं अडकतं. हाताने वेगळं ठेवणं साधं होतं आणि तेच टिकलं.

जुना बोर्ड साटा २ चा (साटा म्हणजे ड्राइव्ह बोर्डाला जोडायची पद्धत, २ ही तिची जुनी पिढी) असेल तर एसएसडी पूर्ण वेगाने धावणार नाही, अडीचशे-पावणेतीनशे एमबीवर थांबते, तरीही घ्या, कारण खरा फायदा त्या बारक्या फाइलींचा आहे. कॅबिनेटमध्ये एसएसडीसाठी अडीच इंचाची जागा नसली तरी चालतं, आत फिरणारं काहीच नाही, एका बाजूच्या स्क्रूवरही ती नीट बसते.

विंडोज टाकताना मात्र चांगला कारागीर काय करतो बघा, आधी हार्डडिस्कची साटा केबल काढून बाजूला ठेवतो. दोन्ही जोडलेल्या असल्या तर विंडोज एसएसडीवर जाते पण बूटची फाइल कधी कधी जुन्या डिस्कवरच जाऊन बसते, मग वर्षा-दोन वर्षांनी ती डिस्क मेली की एसएसडी धडधाकट असूनही पीसी चालू होत नाही. इन्स्टॉल झालं, एकदा रिस्टार्ट करून बघितलं, की मग केबल परत लावायची. आणि लावल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्क तपासणारा प्रोग्राम चालवून जुन्या डिस्कची तब्येत बघून घ्या, पिवळं दिसलं तर डी वरचे फोटो आधी दुसरीकडे कॉपी करा.