जर्मनचा कुकर इंडक्शनवर का रुसतो?

पुतणीला अकोल्याच्या कृषी विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि आमच्या घरात भांड्यांची यादी सुरू झाली. वसतिगृहात जागा मिळाली नाही, रूम करावी लागली, म्हणजे स्वयंपाक हातानेच. घरमालकाची गॅसला मनाई, इंडक्शनला हरकत नाही. मी तिचा मोठेबाबा, त्यातून विज्ञानाचा मास्तर, म्हणून कुकर माझ्याकडे लागला. दारव्ह्याच्या बाजारातून तीन लिटरचा, चांगला जाड बुडाचा जर्मनचा कुकर आणला. (आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियम म्हणजे जर्मन.) पहिल्याच संध्याकाळी फोन आला, "मोठेबाबा, हे तं गरमच होऊन नाही राह्यलं. टीं टीं करते अन् बंद पडते. काहून?"

दरवर्षी नववी-दहावीच्या पोरांना फॅरेडे शिकवणाऱ्या माणसाने हा कुकर घ्यावा, ही माझी लाज. आता ती लेखात वसूल करतो.

इंडक्शन शेगडीत आच नसते. काचेखाली तांब्याच्या तारेचं चपटं वेटोळं असतं. घरातली वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट फिरते. शेगडीतलं सर्किट तीच वीज वेटोळ्यात सेकंदाला साधारण २० ते ४० हजार वेळा उलटसुलट फिरवतं. त्यामुळे वेटोळ्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्रही तितक्याच वेगाने पालटतं. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात धातू धरला की त्यात वीज वाहू लागते, हे मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं. भांड्याच्या बुडात ही वीज गोल गोल फिरते, नदीच्या डोहातल्या भोवऱ्यासारखी, म्हणून तिला भोवरा प्रवाह म्हणतात. बुडाचा धातू तिला अडवतो आणि त्या अडवणुकीतून उष्णता होते. काच तापते ती वरच्या भांड्यामुळे.

इथे चौकस पोरगा हात वर करतो. सर, अ‍ॅल्युमिनियममधून तर वीज लोखंडापेक्षा सहज वाहते, मग तो जास्त तापायला पाहिजे ना?

प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर जुन्या कॉइलच्या शेगडीत आहे. तिची वायर तांब्याची, कॉइल नायक्रोम नावाच्या मिश्रधातूची, दोन्हींतून वाहणारा प्रवाह एकच. तरी कॉइल लाल होते आणि वायर थंड राहते. प्रवाह सारखा असेल तर ज्याचा रोध जास्त तो तापतो. इंडक्शनवर ढोबळमानाने हेच होतं. बुडात किती प्रवाह फिरणार हे बरंचसं खालचं वेटोळं ठरवतं, धातू कोणता याने त्यात फार फरक पडत नाही. तापणं मात्र धातूच्या रोधावर.

बरं, लोखंडाचा विशिष्ट रोध अ‍ॅल्युमिनियमच्या साडेतीन-चार पटच आहे. एवढ्याने एक तापतो आणि दुसरा ढिम्म राहतो, असं कसं? खरी गंमत इथे आहे. इतक्या वेगाने उलटणारी वीज धातूच्या आत खोल शिरत नाही, कातडीतूनच वाहते. ती कातडी किती जाड, हे धातूच्या चुंबकीय पार्यतेवरही, म्हणजे तो किती चुंबकाळतो यावरही ठरतं. लोखंड स्वतःच चुंबकाळतं, त्यामुळे क्षेत्राला विरोध करणारे प्रवाह पृष्ठभागाशीच जोरात उठतात आणि आत काही पोचूच देत नाहीत. सेकंदाला २५ हजार फेऱ्यांना अ‍ॅल्युमिनियममध्ये ही कातडी अर्धा मिलिमीटर भरते. साध्या लोखंडात ती मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही पातळ, साधारण ०.०७ मिलिमीटर. म्हणजे तोच प्रवाह सातपट अरुंद वाटेने जायचा आणि वाट चौपट खडबडीत. सात गुणिले चार, अठ्ठावीस. आकडा काटेकोर नाही, पण लोखंड पंचवीस-तीस पट जास्त तापतं एवढं त्यातून कळतं. (पार्यता वगैरे डोक्यावरून गेलं असेल तर सोडून द्या, भांडी घेताना ती लागत नाही.)

शेगडी आधी हलकासा झटका पाठवून वर काय ठेवलंय ते चाचपते. अ‍ॅल्युमिनियम असला की आपल्याच सर्किटवर ताण येईल हे ओळखून टीं टीं करते.

म्हणून भांड्यांच्या दुकानात जाताना खिशात चुंबक ठेवावा. मी जुन्या स्पीकरमधला नेला. दुकानदाराने अडवलं, "सर, ज्या स्टीलला चुंबक चिकटते ते हलकं." हा समज गावोगाव आहे आणि तो अर्धाच खरा. १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेल्या चांगल्या स्टीलला चुंबक जवळजवळ चिकटत नाहीच. गंमत म्हणजे निकेल स्वतः चुंबकाला चिकटणारा धातू; पण लोखंडात तो पुरेसा मिसळला की अणूंची मांडणीच बदलते आणि लोखंडाचा चिकटपणा जातो. निकेल नसलेलं क्रोमियमचं स्टील चिकटतं. ते गंजायला थोडं लवकर, पण त्यात भेसळ नाही, आणि इंडक्शनला तेच हवं. चांगल्या 'इंडक्शन बेस' कुकरला बुडाशी त्याच चिकटणाऱ्या स्टीलचा थर असतो. मी प्रत्येक बुडावर स्पीकरचा चुंबक टेकवून पाहिला. 'इंडक्शन बेस'चं स्टिकर लावलेल्या एका गंजावरून (गंज म्हणजे आमच्याकडे पातेलं) तो सरळ घसरला. दुकानदार हसला, मग त्यानेही दोन-तीन डबे तपासले.

शेजारच्या काकूंनी पोरीला बजावलं होतं, इंडक्शनच्या लहरींनी अन्नातलं सत्त्व मरते, पोटात गाठी होतात. आकाशवाणी नागपूर ५८५ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ५८५ हजार फेऱ्यांवर लागतं. शेगडीचा वेग २५-३० किलोहर्ट्झ, वीसएक पटीने कमी. त्या रेडिओच्या लहरी आपल्या आज्यापासून वरणातून आरपार जात आल्या आहेत, वरणाला काही झालं नाही. पेसमेकर बसवलेल्या माणसाने मात्र चालू शेगडीपासून दोन फूट दूर राहावं, ही सूचना खरी आहे.

खरा धोका भिंतीत असतो. २००० वॉटची शेगडी २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर ओढते. रूमवर चार्जर लावायचा बारका सॉकेट ६ अँपिअरचा. शेगडीला १६ अँपिअरचाच सॉकेट पाहिजे. नसेल तर शेगडी १२०० वॉटच्या वर नेऊ नये आणि एक्स्टेन्शन बोर्ड लावूच नये.

बाकी यादी साधी: चुंबक चिकटणारा तीन लिटरचा कुकर, सपाट बुडाचा एक गंज, सांडशी, सराटा (उलथणं), मिसळणाचा डबा. लोखंडी तव्यावर आमचं भांडण झालं. लोखंड म्हणजे इंडक्शनचं लाडकं, म्हणून मी घरचा खोलगट तवाच बांधून दिला. त्याचं बूड गोल, टेकतं मधोमध रुपयाएवढं, आणि वेटोळ्यापासून जरा दूर गेलं की क्षेत्र झपाट्याने विरतं. तिने पाठवलेल्या फोटोत ज्वारीची भाकर मधे काळी ठिक्कर, कडेला कच्ची. शेवटी सपाट तवा घेतला. त्यावर पोळी ठीक होते; भाकर काही फुगत नाही, तिला आच लागते. ती आम्ही दर शनिवारी एसटीने फडक्यात बांधून पाठवतो. जर्मनचा कुकर परत आला, आता तो इथे गॅसवर तूर शिजवतो.