तेरेखोल ते काणकोण : पोर्तुगीजांची सरहद्द कशी सरकत गेली

केरीहून फेरीबोटीने पलीकडे उतरले की तेरेखोलचा किल्ला लागतो. नदीच्या उत्तर काठावर गोव्याचा हा एवढाच तुकडा आहे, भोवतालची जमीन महाराष्ट्राची. हा तुकडा तिथे का राहिला, हे कळायला अठराव्या शतकातील पोर्तुगीज विस्तार पाहावा लागतो.

आल्बुकर्कने 25 नोव्हेंबर 1510 रोजी आदिलशाहीकडून तिसवाडी जिंकली. 1543 मध्ये बारदेश आणि साष्टी कायमची हाती आली. या झाल्या जुन्या काबिजादी, म्हणजे आधी जिंकलेला मुलूख. आजचा मुरगाव तालुका धरूनही त्या राज्याचा साधारण पाव भाग भरतात. उरलेला पाऊण गोवा, म्हणजे नव्या काबिजादी, दोनशे वर्षांनी आला आणि तोही 1746 ते 1788 या अवघ्या 42 वर्षांत.

मधली दोनशे वर्षे सरहद्द हलली नाही, कारण फिरंग्यांचे बळ पाण्यावर होते. कार्ताझ, म्हणजे परवाना, घेतल्याशिवाय निघालेले गलबत ते जप्त करीत. खाडी सोडून आत शिरले की मात्र त्यांचे चालत नसे. 1683 मध्ये विजरई (गोव्याचा व्हाइसरॉय) कोंदे द आल्व्होर फोंड्याचा किल्ला घ्यायला गेला आणि संभाजी महाराज येताच त्याला परतावे लागले. त्याच वर्षी 24 नोव्हेंबरच्या रात्री मराठ्यांनी ओहोटी साधून जुवे बेटावरचा किल्ला घेतला. राजधानी तिथून हाकेच्या अंतरावर होती. पाठीवर मुघल फौज आली नसती तर पुढे काय झाले असते, हा विचार आजही अस्वस्थ करतो.

1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पुढच्या वर्षी चौलही गेले. उत्तर फिरंगाणाचे, म्हणजे वसई-चौलकडच्या पोर्तुगीज मुलखाचे, उत्पन्न बुडाले आणि गोव्यातल्या सत्तेची नजर लगतच्या लहान राज्यांवर वळली. पहिला घाव वाडीकर, म्हणजे सावंतवाडीच्या, भोसल्यांवर पडला. मे 1746 मध्ये विजरईने हळर्णचा किल्ला घेतला. याच विजयामुळे त्याला आलोर्नाचा, म्हणजे हळर्णचा, मार्केझ हा किताब मिळाला. त्याच वर्षी डिचोली, साखळी आणि तेरेखोल पडले. यांतले काही महाल पुढे वाडीकरांना परत मिळाले, तेरेखोल मात्र पोर्तुगीजांनी सोडला नाही. खाडीच्या तोंडावरचा तो किल्ला आरमाराला हवा होता.

दक्षिणेची कथा जास्त बोलकी आहे. 1756 मध्ये मराठ्यांच्या ताब्यातल्या फोंड्याच्या मर्दनगडावर चालून गेलेला विजरई कोंदे द आल्व्हा तिथेच मारला गेला. सातच वर्षांनी, 1763 मध्ये, तोच गड पोर्तुगीजांना मिळाला. मधल्या काळात पानिपत झाले होते आणि हैदरअलीने बिदनूर घेतले होते. आता पाळी गोव्याच्या दक्षिणेला लागून असलेल्या सौंदे राज्याची होती. सौंदेकर राजाने आश्रय मागितला. पोर्तुगीजांनी तो दिला आणि हैदरपासून राखण करण्याच्या नावाखाली फोंडा, केपे, सांगे, काणकोण हा सगळा पट्टा आपल्या ताब्यात ठेवला. राजघराणे बांदोड्यात राहिले, नेमणुकीवर. आधी ठाणे बसले, कागद मागाहून आला: प्रदेश रीतसर तोडून दिल्याचा तह 1791 चा आहे.

उत्तरेतही हीच रीत चालली. 1781 पासून डिचोली व सत्तरी पुन्हा घेतली. 1788 मध्ये कोल्हापूरकरांविरुद्ध मदत हवी म्हणून वाडीच्या खेम सावंतांनी पेडणे देऊन टाकले. वाडी आणि कोल्हापूर यांचे भांडण नसते तर पेडणे इतक्या स्वस्तात गेले नसते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या नव्या मुलखात सोळाव्या शतकासारखी देवळे पाडली गेली नाहीत. कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा ही दैवते पूर्वी अंत्रुज महालात (आजच्या फोंडा तालुक्यात) नेली होती, कारण तिथे फिरंग्यांचे राज्य नव्हते. आता सरहद्द त्या देवळांच्याही पुढे गेली होती. एवढा डोंगराळ मुलूख सैन्याने धरून ठेवणे परवडणारे नव्हते; देसाई, महाजन, राणे यांची साथ लागणार होती. म्हणून देवस्थाने, वतने आणि चालीरीती राखण्याची हमी दिली गेली. देवळे राहिली. वतनांच्या बाबतीत मात्र सत्तरीत राणे घराण्याशी पुन्हा पुन्हा खटके उडाले. 1852 मध्ये दिपाजी राणे यांनी बंड पुकारले, तेव्हा पहिला घाला घातला तो नाणूसच्या किल्ल्यावर.