डीएनएची रेण्वीय संरचना

डीऑक्सिरायबोन्यूक्लिइक अम्लाच्या (डीएनए) रेणूची दोन पेडांची पिळदार घडण. प्रत्येक पेड ही न्यूक्लिओटाइडांची लांब साखळी असते. डीऑक्सिरायबोज शर्करा व फॉस्फेट यांचा कणा बाहेरून जातो; अ‍ॅडेनीन, थायमीन, ग्वानीन व सायटोसीन हे क्षारक आतल्या बाजूस येतात. अ‍ॅडेनीनसमोर थायमीन व ग्वानीनसमोर सायटोसीन अशा जोड्या हायड्रोजन बंधांनी जुळतात. दोन्ही पेड परस्परविरुद्ध दिशांनी धावतात, म्हणजे एकाचे ५' टोक जिथे असते तिथे दुसऱ्याचे ३' टोक येते (हे आकडे शर्करेतील कार्बन अणूंचे क्रमांक आहेत).

संज्ञा : मराठीत या आकारासाठी ‘द्विसर्पिल’, ‘दुहेरी मळसूत्र’ व ‘दुहेरी गोफ’ असे तीन शब्द चालतात. ‘सर्पिल’ हा शब्द सपाट चकलीसारख्या वळणासही लावतात, त्यामुळे तो थोडा संदिग्ध आहे. मळसूत्रात पीळ आहे, पण दोन पेड नाहीत. ‘गोफ’ अधिक बोलका असला तरी गोव्याच्या वाचकाने तो जपून घ्यावा. काणकोण भागात शिगम्यात नाचला जाणारा गोफ दोहोंहून बऱ्याच अधिक दोऱ्यांचा असतो आणि त्यात दोऱ्या वेणीसारख्या आलटूनपालटून गुंफल्या जातात. रेणूत पेड दोनच, आणि ते सुंभासारखे एकमेकांभोवती वळलेले असतात. त्या नाचाचा उत्तरार्ध मात्र या विषयाच्या फार जवळचा आहे. त्याचा उल्लेख पुढे येईल.

शोध : फ्रीड्रिख मीशर यांनी १८६९ मध्ये ट्यूबिंगेन येथे जखमांच्या पट्ट्यांवरील पुवातील पेशींतून हे द्रव्य वेगळे केले. हाच आनुवंशिकतेचा वाहक आहे, याचा भक्कम पुरावा एव्हरी, मॅक्लाउड व मॅकार्टी यांनी १९४४ मध्ये दिला. गोव्यात जन्मलेले गणिती दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे जनुकांमधील अंतर पुनःसंयोगाच्या (गुणसूत्रांतील तुकड्यांच्या अदलाबदलीच्या) प्रमाणावरून काढण्याचे सूत्रही साधारण त्याच सुमाराचे. जनुक कशाचे बनले आहे हे ठाऊक नसतानाही ते सूत्र लागू पडत होते आणि आजही वापरात आहे.

जेम्स वॉटसन व फ्रान्सिस क्रिक यांचा नमुना २५ एप्रिल १९५३ रोजी प्रसिद्ध झाला. श्रेयाचा वाद सर्वपरिचित आहे. रोझलिंड फ्रँकलिन यांचे डीएनएचे क्ष-किरण छायाचित्र फ्रँकलिन यांच्या नकळत वॉटसन यांना दाखवले गेले, यावर बहुतेक अभ्यासकांचे एकमत दिसते. पण चर्चा छायाचित्रावरच थांबते, हे तितकेसे योग्य नाही. पेड उलटसुलट दिशांचे असावेत, हे क्रिक यांनी ताडले ते फ्रँकलिन यांनी मोजलेल्या स्फटिकी सममितीवरून. ते मोजमाप अधिक निर्णायक मानावे लागते. क्षारकांचे कीटो रूप (हायड्रोजन अणूच्या जागेवरून ठरणाऱ्या रूपांपैकी एक) घ्यावे ही सूचना जेरी डोनह्यू यांची होती आणि तिच्याविना जोड्या जुळल्या नसत्या. मूळ नमुन्यात ग्वानीन–सायटोसीन जोडीत दोनच बंध होते. तिसरा पॉलिंग व कोरी यांनी १९५६ मध्ये दाखवला.

पिळाचा प्रश्न : दोन पेड खरोखरच एकमेकांभोवती गुंतलेले असतील, तर पेशी दुभंगताना ते सुटतात कसे? माक्स डेलब्र्यूक यांनी १९५४ मध्येच ही अडचण मांडली होती. ई. कोलाय या जिवाणूच्या डीएनएत सुमारे ४६ लक्ष जोड्या, म्हणजे चार लाखांहून अधिक वळसे असतात. शिवाय तो वर्तुळाकार असल्याने सुटे टोकच नाही. १९७६ मध्ये न्यूझीलंडमधील रॉडली व सहकारी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील व्ही. शशिशेखरन व सहकारी यांनी स्वतंत्रपणे पर्यायी नमुना सुचवला. त्यात पेड शेजारीशेजारी राहतात. थोडा भाग उजव्या पिळाचा, पुढचा डाव्या पिळाचा, त्यामुळे एकूण गुंता जवळजवळ शून्य. क्रिक, वँग व बाउअर यांनी १९७९ मध्ये वर्तुळाकार रेणूंवरील मोजमापांच्या आधारे याचे खंडन केले आणि ते ग्राह्य धरले जाते. द्रावणात एका वळशास सुमारे १०.५ जोड्या पडतात, हेही त्याच सुमारास निश्चित झाले.

गुंता सोडवण्याचे काम टोपोआयसोमरेज ही विकरे करतात. वँग यांना त्यांतील पहिले १९७१ मध्ये सापडले. गोफात वीण पुरी झाल्यावर नाचणारे उलट पावलांनी फिरतात आणि तीच वीण शेवटच्या दोरीपर्यंत उकलते. तिथे प्रत्येकाच्या हाती मोकळे टोक असते. टोक नसलेल्या रेणूत विकराला पेड कापून, दुसरा त्यातून पार करून पुन्हा सांधावा लागतो.

रूपे : नेहमीचे ते ‘बी’ रूप, उजव्या पिळाचे, सुमारे २ नॅनोमीटर रुंद, दोन जोड्यांत ०.३४ नॅनोमीटर अंतर असलेले. त्याच्या अंगावर एक रुंद व एक अरुंद खोबण असते. प्रथिने बहुधा रुंद खोबणीतून क्षारकांचा क्रम ओळखतात. कमी आर्द्रतेत आखूड व जाड ‘ए’ रूप मिळते. डाव्या पिळाचे ‘झेड’ रूप अलेक्झांडर रिच यांच्या गटाने १९७९ मध्येच स्फटिकात दाखवले. शेजारी-पेडांचा नमुना मागे पडला त्याच वर्षी डावा पीळ खरा निघावा, हा योगायोग मजेदार आहे.

प्रात्यक्षिक : शाळांत केळ्याच्या लगद्यात मीठ व भांडी घासण्याचा द्रव घालून, गाळून, वर थंडगार स्पिरिट सोडतात, पांढुरके धागे काडीवर गुंडाळता येतात. घरची फेणी इथे चालत नाही. तिच्यात अल्कोहॉल साधारण ४३ टक्के, आणि गाळलेल्या द्रवात मिसळल्यावर आणखी कमी. डीएनए विरघळलेलाच राहतो. दिसणारा धागा हा असंख्य रेणूंचा पुंजका असतो. त्यातला पीळ साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसत नाही.