गिटारवादन : प्राथमिक शिक्षण

सहा तारांच्या, पडदे (दांडीवरील आडव्या पट्ट्या) बसवलेल्या गिटारीवर नवशिक्याला द्यायचे पहिले शिक्षण. वाद्य धरणे, तारा सुरात लावणे, उजव्या हाताने छेडणे, डाव्या हाताने तारा दाबणे, मोजके कॉर्ड (एकदम वाजवायचे स्वरसमूह) आणि त्यांच्या आधाराने गाण्याला साथ करणे एवढा भाग त्यात येतो. प्रस्तुत नोंदीत गिटार म्हणजे स्पॅनिश गिटार. मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजवायच्या हवाईयन गिटारीचा विचार शेवटी केला आहे.

वाद्याचे मूळ : याविषयी दोन मते दीर्घकाळ चालत आली आहेत. पहिल्या मतानुसार ग्रीकांची किथारा रोमनांबरोबर स्पेनमध्ये आली आणि तिचेच रूप बदलत गेले. दुसऱ्या मतानुसार इ. स. ७११ नंतर अरबांबरोबर आलेल्या ऊद या वाद्यापासून गिटार निघाली. नावाचे नाते किथाराशी जुळते, पण किथाराला दांडीच नसते. ऊदला दांडी असते, मात्र तिची पाठ फुगीर असते. चौदाव्या शतकातील स्पॅनिश कवी हुआन रुईझ याने मूर (म्हणजे स्पेनमध्ये आलेल्या मुसलमानांची) गिटार व लॅटिन गिटार अशी दोन वेगळी वाद्ये सांगितली आहेत. त्यावरून दोन्ही प्रवाह एकाच वेळी नांदत होते एवढे म्हणता येते. तुर्कस्तानातील अलाजा ह्यूयूक येथील प्राचीन हिटाइट लोकांच्या शिल्पात कमरेत आत गेलेले एक वाद्य दिसते आणि काही अभ्यासक त्याला गिटारीचा पूर्वज मानतात. हे शिल्प साधारणपणे इ. स. पू. चौदाव्या शतकाच्या सुमाराचे समजले जाते. त्याच्यात आणि स्पॅनिश चित्रांतील वाद्यांत अडीच हजारांहून अधिक वर्षांचे अंतर पडते, म्हणून हा धागा फार ताणू नये. सपाट पाठ आणि आत वळलेल्या बाजू ही घडण मध्ययुगीन युरोपातच सिद्ध झाली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

सोळाव्या शतकातील गिटारीला चार जोडतारा (एकत्र छेडायच्या तारांच्या जोड्या) असत. अलोन्सो मुदारा याच्या १५४६ मधील संग्रहात या वाद्यासाठीच्या सर्वांत जुन्या छापील रचना आहेत. विहुएला या तत्कालीन प्रतिष्ठित वाद्याच्या सहा जोडतारांपैकी पहिली व शेवटची काढली की गिटार उरते, असे हुआन बेर्मुदो याने १५५५ मध्ये नोंदवले आहे. पाचव्या जोडतारेचे श्रेय विसेंते एस्पिनेल या कवी-संगीतकाराला देण्याची जुनी प्रथा आहे. एस्पिनेलचा जन्म १५५०चा आणि बेर्मुदोच्या ग्रंथात पाच जोडतारांच्या गिटारीचा उल्लेख आधीच आलेला, त्यामुळे ही प्रथा टिकण्यासारखी नाही. एस्पिनेलने ती तार लोकप्रिय केली असे म्हटले, तर मात्र हरकत घेता येत नाही.

नवशिक्यांसाठीचे पहिले ग्रंथ : पहिला मान लुईस मिलान याच्या एल मायेस्त्रो (व्हॅलेन्सिया, १५३६) या ग्रंथाला द्यावा की जुआन कार्लेस अमात याच्या पुस्तिकेला, हा प्रश्न वाद्य कोणते धरायचे यावर अवलंबून आहे. मिलानचा ग्रंथ विहुएलाचा आहे. पूर्वी कधीही वाद्य हाती न धरलेल्या माणसाला गुरूने जसे शिकवावे त्या क्रमाने, म्हणजे सोप्याकडून अवघडाकडे, त्यातील रचना लावलेल्या आहेत. त्याच्या तारालेखनात (प्रत्येक तारेसाठी एक रेघ आखून तिच्यावर पडद्यांचे आकडे लिहिण्याच्या पद्धतीत) सर्वांत वरची रेघ सर्वांत उंच स्वराच्या तारेची असते. स्पेनमधील इतर विहुएलावादक उलट क्रम वापरीत. आज नवशिक्यांच्या हाती असणारे 'टॅब' हे तारालेखन मिलानच्याच क्रमाने लिहिले जाते.

अमात (१५७२–१६४२) हा कॅटलोनियातील वैद्य. पाच जोडतारांच्या स्पॅनिश गिटारीवरील त्याची पुस्तिका १५९६ मध्ये बार्सिलोनात निघाली असे सामान्यतः मानतात. त्या आवृत्तीची प्रत उपलब्ध नाही. उपलब्ध प्रती सतराव्या शतकातील आणि त्यानंतरच्या आहेत. जुन्या लेखनात १५८६ हे सालही आढळते. ते खरे मानले, तर अमातने चौदाव्या वर्षी पुस्तक लिहिले असे म्हणावे लागेल. तेव्हा १५९६ हेच सावधपणे स्वीकारणे योग्य. सालापेक्षा मोलाची आहे ती त्याची पद्धत. स्वरलिपी अजिबात न येणाऱ्या माणसाला त्याने बारा मेजर (शुद्ध गंधाराचे) व बारा मायनर (कोमल गंधाराचे) असे चोवीस कॉर्ड दिले, प्रत्येकाला आकडा दिला आणि कोणत्या जोडतारेवर कोणत्या पडद्यावर कोणते बोट ठेवायचे ते सांगितले. शिकणाऱ्याने आकडे वाचावेत आणि सगळ्या तारांवरून हात फिरवावा. ही पुस्तिका जवळजवळ दोन शतके पुन्हा पुन्हा छापली गेली. इटलीत जिरोलामो मोंतेसार्दो याने १६०६ मध्ये आकड्यांऐवजी अक्षरे वापरली आणि तीच रीत तिकडे रूढ झाली. गाण्याच्या शब्दांवर कॉर्डची खूण लिहिलेली आजची वही ज्या कल्पनेवर उभी आहे, ती या दोघांच्या काळातच पुरी झाली होती.

येथून प्राथमिक शिक्षणाच्या दोन वाटा दिसतात. एक स्ट्रमिंगची, म्हणजे सगळ्या तारांवरून हात फिरवण्याची, अमातची. दुसरी एकेक तार वेगळी छेडण्याची, मिलानची. गास्पार सान्स याच्या १६७४ मधील ग्रंथात दोन्ही आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस सहावी तार आली, पुढे जोडतारांच्या जागी एकेरी तारा रूढ झाल्या आणि दुसऱ्या वाटेला मोठे शिक्षक मिळाले. इटलीच्या मावरो जुलियानी याने फक्त दोन साध्या कॉर्डांवर उजव्या हाताचे १२० पाठ रचले. डाव्या हाताला जवळजवळ काम नाही, सगळे लक्ष छेडणाऱ्या बोटांवर; नवशिक्याची अडचण इतक्या नेमकेपणाने ओळखणारे दुसरे साधन क्वचितच आढळेल. फेर्नांदो सोर (मेथड, १८३०) व दिओनिसिओ आग्वादो हे पॅरिसमधील मित्र, पण सोर बोटांच्या मांसल टोकाने वाजवी आणि आग्वादो नखांनी. फ्रान्सिस्को तारेगा (१८५२–१९०९) याने उत्तरायुष्यात नखे सोडली, तर आंद्रेस सेगोव्हिया (१८९३–१९८७) याने नख आणि मांस दोन्हींचा संयोग पसंत केला. आजचे बहुतेक शास्त्रीय शिक्षक सेगोव्हियाच्या बाजूचे आहेत. पहिले काही महिने मात्र आखूड नखांनी शिकवणे हिताचे, कारण नखाचा कोन चुकला की आवाज खरखरतो आणि विद्यार्थी दोष भलत्याच ठिकाणी शोधत बसतो.

वाद्याची निवड : आधुनिक शास्त्रीय गिटारीचा आकार आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) याने स्थिर केला, मेरूपासून (दांडीच्या टोकाला तारा टेकणारी पट्टी) घोडीपर्यंत (वाद्याच्या अंगावर तारा टेकणारा ठोकळा) तारेची लांबी सुमारे ६५० मिमी. तारा आतड्याच्या असत. दुसऱ्या महायुद्धात आतड्याचा तुटवडा झाल्यावर नायलॉन आले. पोलादी तारांच्या गिटारीचा इतिहास अमेरिकेतला. तेथे १८३३ मध्ये जर्मनीहून आलेल्या सी. एफ. मार्टिन याच्या कारखान्याचे नाव प्रथम घ्यावे लागते. शास्त्रीय गिटारीची दांडी मेरूजवळ सुमारे ५२ मिमी रुंद, पोलादी तारांच्या गिटारीची सुमारे ४३ मिमी. नायलॉन बोटांना मऊ, पण दांडी रुंद. पोलादाची दांडी हाताच्या मुठीत येते, पण तारांचा ताण पुष्कळ जास्त आणि बोटांची टोके पहिले काही आठवडे दुखतात. तार पडद्यापासून किती उंच आहे हे पाहणे या निवडीइतकेच महत्त्वाचे. स्वस्त गिटारीत ही उंची नको तितकी असते, आणि शिकणे सोडून देणाऱ्यांपैकी अनेकांचा खरा शत्रू तीच असते. घोडीवरील पट्टी घासून ती कमी करता येते.

पडदे व सुरांची जुळवणी : खुल्या तारा जाडीकडून बारीकीकडे ई, ए, डी, जी, बी, ई (पाश्चात्त्य स्वरनावे) अशा लावतात. तारांचे क्रमांक मात्र बारीक तारेपासून मोजतात; त्यानुसार पाचवी तार ए म्हणजे सेकंदाला ११० कंपने. लगतच्या दोन तारांत षड्ज-मध्यमाचे अंतर असते, फक्त जी आणि बी यांच्यात षड्ज-शुद्ध गंधाराचे. हा अपवाद केल्यामुळे दोन्ही टोकांना ई येतो आणि कॉर्ड चार बोटांच्या आवाक्यात राहतात. म्हणून कानाने जुळवताना जाड तार पाचव्या पडद्यावर दाबून पुढची खुली तार तिच्याशी मिळवतात. तिसऱ्या तारेवर मात्र चौथा पडदा घ्यायचा. नवशिक्याची पहिली चूक बहुधा येथेच होते.

पडदे कोठे बसवायचे हा गणिताचा प्रश्न आहे. सप्तकाचे बारा समान भाग करायचे, तर प्रत्येक पडद्यागणिक उरलेली लांबी १·०५९४६ ने भागावी लागते. म्हणजे उरलेल्या लांबीचा १७·८१७ वा भाग कमी करायचा. ६५० मिमी लांबीवर पहिला पडदा मेरूपासून सुमारे ३६·५ मिमीवर आणि बारावा बरोबर मध्यावर, ३२५ मिमीवर येतो. जुने कारागीर १८ ने भागत. व्हिन्चेन्झो गॅलिली याने १५८१ मध्ये हा नियम मांडला आहे. त्याने बारावा पडदा सुमारे ३२२·६ मिमीवर पडतो, म्हणजे स्वर किंचित उतरलेला येतो. ही चूकच होती असे घाईने म्हणू नये. तार दाबली की तिचा ताण वाढून स्वर चढतो, आणि १८ चा नियम तो चढ काही अंशी भरून काढी. आजचे कारागीर १७·८१७ घेतात आणि घोडी थोडी मागे सरकवून तेच साधतात.

तंबोऱ्यावर कान तयार झालेल्या मराठी विद्यार्थ्याला याचा प्रत्यय लवकर येतो. समान भागांच्या सप्तकातला शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (एका अर्धस्वराचे १०० सेंट). ई मेजर कॉर्डमध्ये हा गंधार तिसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यावर येतो. कान सांगतो म्हणून विद्यार्थी तिसरी तार उतरवतो आणि कॉर्ड गोड करतो. लगेच सी कॉर्ड वाजवला, की तीच खुली तार पंचम म्हणून बोलते आणि बेसूर लागते. कान चुकलेला नसतो, पडद्यांची तडजोडच तशी आहे. शिक्षकाने हे पहिल्याच महिन्यात समजावून द्यावे, नाहीतर चांगल्या कानाचा विद्यार्थी रोज खुंट्या पिळत बसतो.

पहिले कॉर्ड : ई मायनर, ए मायनर, सी, जी, डी हा क्रम बहुतेक ठिकाणी आढळतो. ई मायनरला दोनच बोटे लागतात, पाचव्या व चौथ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर. बोट पडद्याच्या पट्टीवर किंवा दोन पट्ट्यांच्या मधोमध नव्हे, तर पट्टीच्या अगदी मागे टेकवावे. तेथे कमीत कमी जोर लागतो. कॉर्ड धरता येणे आणि एका कॉर्डवरून दुसऱ्यावर तालात जाता येणे या दोन वेगळ्या गोष्टी असून खरा सराव दुसरीचा करावा लागतो. सी आणि ए मायनर यांत पहिली दोन बोटे जागची हलत नाहीत. हे ज्याला दिसले, त्याचे अर्धे काम होते.

एफ कॉर्ड हा ठरलेला अडथळा. त्यात तर्जनी पहिल्या पडद्यावर सहाही तारांवर आडवी पडते आणि विद्यार्थी सगळ्या तारा सारख्याच जोराने दाबायला जातो. वास्तविक तिसरी, चौथी व पाचवी तार बाकीच्या तीन बोटांनी पुढच्या पडद्यांवर दाबलेली असते. तर्जनीला पहिली, दुसरी आणि सहावी एवढ्याच तारांची चिंता करायची असते. बोट अंगठ्याच्या बाजूला किंचित कलते करून त्याची हाडाळ कड तारांवर आणली आणि कोपर अंगाजवळ घेतले, की दाब हाताच्या वजनाने येतो, चिमटीच्या जोराने नव्हे. तोवर बारीक चार तारांपुरता छोटा एफ चालवून घ्यावा.

साथ करताना दादरा व केरवा हे दोन ठेके मराठी गाण्यांना बऱ्याच अंशी पुरतात. केरव्याच्या आठ मात्रांत विषम मात्रांना हात खाली, सम मात्रांना वर. एखादी मात्रा गाळायची असली तरी हात हलता राहिला पाहिजे. गायकाची पट्टी कॅपोने (दांडीवर सगळ्या तारा एकदम दाबणाऱ्या चिमट्याने) मिळते. गाणारा पेटीच्या काळी एकमध्ये गात असेल, तर पहिल्या पडद्यावर कॅपो लावून सी पट्टीतल्या कॉर्डांच्या आकारांनी वाजवावे. काळी दोनसाठी तिसऱ्या पडद्यावर. पेटीवाल्याशेजारी बसायचे असेल, तर ही भाषा कॉर्डच्या नावांइतकीच पाठ हवी.

भारतातील स्थिती : गोव्यात व मुंबईच्या गोमंतकीय ख्रिस्ती वस्त्यांत गिटार घरगुती गाण्याबजावण्यातून शिकली जाते. फादो या पोर्तुगीज गीतप्रकाराच्या साथीतली बारा तारांची पोर्तुगीज गिटार हे निराळे वाद्य असून तिची जुळवणीही वेगळी आहे. हिंदी चित्रपटसंगीतात राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील भूपिंदर सिंग व भानू गुप्ता यांच्या वादनाने स्पॅनिश गिटार घरोघरी ऐकू गेली. परीक्षांसाठी ट्रिनिटी कॉलेज लंडनचा इनिशियल ते आठवी ग्रेड हा क्रम शहरांत रूढ आहे.

हवाईयन गिटारीचे श्रेय हवाईच्या जोसेफ केकुकू याला देतात. मूळचा भारतीय असलेल्या गॅब्रिएल डेव्हियन याचेही नाव घेतले जाते. तंत्र पूर्णत्वास नेण्याचे श्रेय केकुकूचेच मानणे सयुक्तिक. बंगालमध्ये हे वाद्य रवींद्रसंगीतासाठी मोठ्या प्रमाणावर शिकवले गेले. अली अकबर खाँ यांचे शिष्य ब्रिजभूषण काब्रा यांनी त्यावर रागसंगीत आणले, आणि विश्वमोहन भट्ट यांनी त्याला तरफा (अनुनादाने वाजणाऱ्या तारा) जोडून मोहन वीणा घडवली. कांडी तारेवर सरकत असल्यामुळे येथे मींड सहज निघते आणि पडद्यांची तडजोड आड येत नाही. गायकी अंगाने वाजवू इच्छिणाऱ्याने आरंभीच हे वाद्य धरावे. स्पॅनिश गिटारीवर वर्ष घालवून मग वळणाऱ्याला डाव्या हाताची सवय नव्याने लावावी लागते.