फोल्डिंग सायकलची कुरकुर नक्की येते कुठून?

नवी मुंबईत पाम बीच रोडला सकाळी सहा-साडेसहाला गेलात तर फोल्डिंग सायकलवाले ओळखायला बघावं लागत नाही, मागून नुसता आवाज ऐकला तरी कळतं. कुर्र-कुर्र-कुर्र, पेडलच्या तालावर. सायकल नवी असो जुनी असो, स्वस्त असो महाग असो, पहिला पावसाळा काढला की बहुतेक फोल्डिंग सायकली बोलायला लागतात, आणि मग मालक तेलाची बाटली घेऊन दिसेल त्या जॉइंटवर शिंपडत सुटतो.

आधी आवाज होतो कसा ते बघू. दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबून बसलेले असले की जोर वाढेपर्यंत ते चिकटून राहतात, मग एकदम जरासे घसरतात, परत चिकटतात, परत घसरतात, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा चालू असतं. कारण साधं आहे, थांबलेली वस्तू हलवायला जेवढा जोर लागतो त्यापेक्षा कमी जोर ती हलत ठेवायला लागतो. व्हायोलिनच्या गजाला राळ लावतात ती ही चिकट-घसर नीट व्हावी म्हणूनच. 1939 मध्ये केंब्रिजला बाउडेन आणि लेबेन या दोघांनी धातूवर धातू सरकवून हे झटके मोजूनही दाखवले. सायकलमध्ये ही हालचाल डोळ्याला दिसणार नाही इतकी बारीक असते, पण फ्रेम म्हणजे पातळ भिंतीची पोकळ ॲल्युमिनियमची नळी, ती तो आवाज मोठा करून बाहेर सोडते.

फोल्डिंगलाच हा त्रास जास्त का? साध्या सायकलची फ्रेम त्रिकोणी असते, त्रिकोण सहसा वाकत नाही. इथे मधोमध एकच जाड नळी, तिलाही बिजागरी, हँडलच्या उंच दांडीला खाली दुसरी बिजागरी, आणि सीटची दांडी हातभर लांब. दांडी लांब म्हणजे तरफ लांब, त्यामुळे वर आपण जरा हललो तरी खाली दांडी आवळून धरणाऱ्या क्लॅम्पपाशी जोर भरपूर पडतो. त्यात आपल्याकडे खाडीची खारट हवा, ठाण्याच्या घोडबंदर रोडची धूळ आणि चार महिने पाऊस, म्हणजे ग्रीस धुवून जायचं आणि त्याच्या जागी बारीक रेती बसायची.

आता मुख्य मुद्दा. आवाज *कुठून* येतोय ते कानाने शोधायला जाऊ नका. ॲल्युमिनियममध्ये आवाज सेकंदाला 5000 मीटरच्या आसपास धावतो, हवेत जेमतेम 340. त्यामुळे सीटखाली झालेली कुरकुर डोळ्याची पापणी लवायच्या आत हँडलपर्यंत पोचलेली असते आणि अख्खी फ्रेमच वाजते. बीबी, म्हणजे बॉटम ब्रॅकेट, पेडलचा आस ज्यात फिरतो ते बेअरिंग, वाजतंय म्हणून बदलून घेतलं आणि आवाज तसाच, ही गोष्ट सायकलवाल्यांत कुणालाही विचारा. त्यापेक्षा आवाज *कधी* येतो ते मोजा.

पेडल मारणं थांबवून सायकल नुसती जाऊ द्या. आवाज चालूच राहिला तर चाक, हब (चाकाचा मधला तुंबा) किंवा ब्रेक. 20 इंची चाकाचा घेर साधारण दीड मीटर, म्हणजे ताशी 15 किलोमीटरला चाक मिनिटाला दीडशेच्या वर फिरतं, आणि आपले पाय साठ-सत्तरच. त्यामुळे चाकाची चुईचुई भरभर येते आणि पेडलची कुरकुर सावकाश, हा फरक एकदा कानात बसला की चुकत नाही. पेडलच्या प्रत्येक फेरीला ठरल्या जागी येत असेल तर पेडल, क्रँक (पेडल ज्याला लावतात तो दांडा) किंवा बीबी. दर दोन फेऱ्यांनी एकदा टक् होत असेल तर चेनची एखादी कडी आखडलेली, कारण पुढच्या चक्राला 52 दात आणि चेनला शंभरच्या थोड्या वर कड्या असतील तर चेनची एक फेरी म्हणजे पेडलच्या जवळजवळ दोन. आणि सीटवरून उठून पेडल मारल्यावर आवाज गायब झाला तर पेडलला हात लावू नका, सीट किंवा तिची दांडी बघा.

माझ्या मते निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. दांडी पूर्ण बाहेर काढा, क्लॅम्पच्या उंचीला काळपट-करडा लेप बसलेला दिसेल, बोटावर घेऊन चोळा, कचकच लागते. ही घासलेल्या ॲल्युमिनियमची भुकटी आणि रेती. ओल्या फडक्याने दांडी पुसा, नळीच्या आतूनही फडकं फिरवा, कोरडं करा. ग्रीस सरसकट चोपडू नका. दांडी रोज वर-खाली होत असेल तर ग्रीस धूळ धरतं, पँट खराब होते आणि सीट हळूहळू खाली बसते. ब्रॉम्प्टन या ब्रिटिश फोल्डिंग सायकलला तर तिथे ग्रीस लावायचंच नसतं. कार्बनची दांडी असेल तर तिची पेस्ट वेगळी मिळते.

बिजागरी तपासायला पुढचा ब्रेक दाबून हँडल पुढे-मागे ढकला, वाजली तर उघडून दोन्ही तोंडं पुसा, पिनेला ग्रीसचा थेंब, आणि लीव्हर बंद करताना जोर लागतोय ना ते बघा. सहज बंद होत असेल तर नट थोडा थोडा आवळून बघायचा. पेडल काढून आट्यांना ग्रीस लावून परत घट्ट बसवा, फक्त डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पातळ स्प्रे मारून गप्प केलेला आवाज आठवड्यात परत येतो कारण तो स्प्रे आतलं उरलंसुरलं ग्रीसही धुवून नेतो. आणि ब्रेक कितीही किंचाळला तरी तिथे तेल नाही म्हणजे नाही.

सगळं करूनही बिजागरीपाशी टक् येतच असेल तर दिवसाउजेडी वेल्डिंगची कड पुसून टॉर्च मारून बघा. केसासारखी काळी रेघ दिसली तर ती चीर असू शकते, आणि ॲल्युमिनियममधली चीर प्रत्येक फेरीला थोडी थोडी वाढतच जाते. मग चढायचं नाही, घडी करायची, रिक्षात टाकायची आणि थेट दुकान.