वॉटर एरोबिक्स : मराठवाड्यातील वर्ग आणि त्यातील रंगत

वॉटर एरोबिक्स म्हणजे कमरेपासून छातीपर्यंतच्या पाण्यात उभे राहून, बहुधा संगीताच्या ठेक्यावर, गटाने करायचा व्यायाम. जलव्यायाम असा मराठी शब्द आहे, पण टँकवर, म्हणजे जलतरण तलावावर, तो फारसा ऐकू येत नाही. तिथे ‘पाण्यातला व्यायाम’ किंवा नुसते ‘एरोबिक्स’ म्हटले की कळते. पोहता येण्याची अट नाही आणि डोकेही भिजवावे लागत नाही. एरोबिक्स हे नाव अमेरिकी डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ साली रूढ केले. औषध म्हणून पाण्यात उतरण्याची रीत मात्र फार जुनी आहे. नांदेड जिल्ह्यात किनवट तालुक्यातील उनकेश्वरच्या गरम झऱ्यांवर लोक त्वचेच्या तक्रारी घेऊन येतात, ती याच जातीची.

वर्ग सुरू करणे सोपे, टिकवणे अवघड. उत्साहाने भरलेली बॅच पुढच्या काही आठवड्यांत पातळ होते, आणि व्यायाम जड गेला हे त्याचे कारण क्वचितच असते. भीती गेलेली नसते, ठेका चुकलेला असतो किंवा ओल्या कपड्यांत चारचौघांत वावरण्याचा संकोच असतो. रंगत आणायची म्हणून फुगे आणि चेंडू आणले जातात. ते वाईट नाहीत, पण ही तीन कारणे तशीच राहिली तर चेंडू टँकच्या कोपऱ्यात तरंगत राहतात.

पाणी काय करते

प्लावक बलामुळे, म्हणजे पाणी अंगाला वर उचलते त्या जोरामुळे, पायांवर येणारे वजन कमरेइतक्या पाण्यात जवळजवळ निम्मे होते, छातीइतक्या पाण्यात सुमारे एक तृतीयांश उरते आणि मानेइतक्या पाण्यात एक दशांशाच्या आसपास. ७० किलो वजनाच्या, गुडघे दुखणाऱ्या बाईला छातीइतक्या पाण्यात जेमतेम २५ किलोचा भार पेलायचा असतो. जिन्याला घाबरणारी बाई इथे उडी मारू शकते. दुसरीकडे, पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन असल्याने प्रत्येक हालचालीला अडवते. हालचालीचा वेग दुप्पट केला की हा विरोध जवळजवळ चौपट होतो. म्हणून एकाच टँकमध्ये आजी आणि कॉलेजची नात शेजारी उभ्या राहून एकच व्यायाम आपापल्या ताकदीने करू शकतात. जमिनीवरच्या वर्गात हे जमत नाही. तिथे आजीला खुर्ची द्यावी लागते.

पाण्याच्या दाबामुळे पायांतील रक्त हृदयाकडे सहज परतते. त्यामुळे तेवढ्याच मेहनतीला नाडीचे ठोके जमिनीपेक्षा मिनिटाला १०–१५ने कमी पडतात. घड्याळातला आकडा पाहून ‘अजून जोर लावा’ म्हणणे त्यामुळे चुकीचे ठरते. बोलून पाहणे हीच बरी परीक्षा : शेजारणीशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये.

तळाची खात्री

मराठवाड्यात एका पिढीने पोहणे विहिरीत शिकले, तेही बहुतेक मुलग्यांनी. कमरेला वाळका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधायचा आणि थोरल्या भावाने मागून ढकलून द्यायचे, अशी ती शाळा. मुलींच्या वाट्याला पाणी शेंदणे आणि काठावरचे धुणे आले. आज पन्नाशी-साठीत वर्गाला येणाऱ्या बाईच्या मनात पाणी म्हणजे तळ न लागणारी हीर असते, आणि गावातल्या कुठल्या विहिरीत कोण गेले हेही तिला आठवत असते. तिला ‘घाबरू नका’ म्हणून उपयोग नाही. पायाखाली फरशी आहे हे तिच्या पायांना कळले पाहिजे. पहिला तास त्यासाठीच जावा : काठाचा पाइप धरून टँकच्या उथळ बाजूने चालायचे, मग एक हात सोडून, मग दोन्ही.

त्याच तासाला उताणे पडल्यावर उभे कसे राहायचे हे शिकवणे मोलाचे. पाय सटकला की माणूस मान मागे टाकतो आणि पाय खाली रेटू बघतो. त्याने पाय आणखीच वर येतात आणि नाकात पाणी जाते. करायचे असते उलटे. हनुवटी पुढे घ्यायची, गुडघे पोटाशी ओढायचे, दोन्ही हातांनी मागून पुढे पाणी ओढायचे. कंबर खाली येते, मग पाय सोडायचे. कोचने एका हाताने पाठ धरून हे चार-पाच वेळा करून घेतले की चेहराच बदलतो. पुढच्या सगळ्या हसण्या-खिदळण्याची सुरुवात इथून होते.

ठेका

नव्या कोचची सर्वांत मोठी चूक ठेक्यात होते. तो काठावर, हवेत उभा असतो. त्याचा हात एका ठोक्यात वर जाऊन खाली येतो. पाण्यातल्या बाईचा हात तेवढ्या वेळात अर्ध्या वाटेवर असतो. ती मागे पडते, मग हालचाल तोकडी करते, मग नुसते हात फडफडवत राहते. मिनिटाला साधारण १२५ ते १५० ठोक्यांचे गाणे लावावे आणि एक हालचाल दोन ठोक्यांना द्यावी, हा नेहमीचा तोडगा. काठावरच्या कोचने स्वतःही त्याच संथ लयीत करून दाखवावे; ओल्या फरशीवर उड्या मारू नयेत, दोन्ही पाय उचलायचे दाखवायचे असतील तर खुर्चीवर बसून दाखवावे.

या बाबतीत इथल्या लोकांना लय बाहेरून शिकवावी लागत नाही. दिंडीतली पावली दोन पावले पुढे, एक मागे अशी पडते आणि पाण्याला ती चपखल बसते. देवीची गाणी म्हणणाऱ्या आराधी मंडळींच्या संबळाचा ठेका चढत जातो, तो थोडा सांभाळून घ्यावा लागतो : ठेका चढला तरी हालचाल तोकडी करायची नाही, उलट हात लांब ठेवून मोजक्याच वेळा मारायचा. लेझीम हात रिकामे ठेवूनच केलेली बरी. लोखंडी साखळी क्लोरीनच्या पाण्यात लवकर गंजते.

नागपंचमीला ज्यांनी फेर धरला आहे त्यांच्यासाठी सर्वांत रंगणारा प्रकार म्हणजे पाण्यातला फेर. दहा-बारा जणींनी छातीइतक्या पाण्यात कडे करून एकाच दिशेने मिनिटभर जोरात चालायचे. पाणी हळूहळू त्यांच्याबरोबर फिरू लागते, चालणे सोपे होते, पाय आपोआप पुढे जातात. मग कोच शिट्टी वाजवतो : उलटे फिरा! आपणच फिरवलेले पाणी आता अंगावर येते. कोणी जागीच थिजते, कोणी दोन पावले मागे वाहते, कडे तुटते आणि एकच हशा उठतो. मांड्यांना आणि पोटाच्या स्नायूंना यात भरपूर काम पडते, पण ते घरी गेल्यावर कळते. नीट उभे राहता न येणाऱ्या व्यक्तीला मात्र या फेरात घेऊ नये. तिला काठाजवळ फोमची नळी, म्हणजे नूडल, देऊन चालवावे.

सांगण्याची भाषा

‘कोपर नव्वद अंशात’ असे सांगितले की माणूस कोपराकडे बघत बसतो. कामाची आठवण दिली की अंग आपोआप वळते. ताक घुसळल्यासारखे दोन्ही हात आळीपाळीने पुढे-मागे ओढणे, रहाटावरचा दोर ओढावा तसे वरून खाली हात आणणे, जात्याचा खुंटा फिरवल्यासारखे मोठे वर्तुळ काढणे, या सूचना पन्नाशीपुढच्या बाईला एका शब्दात समजतात. विरोध कमी-जास्त करण्याचे तंत्रही असेच सांगता येते. तळहात आडवा धरून पाणी कापले की हात सुरीसारखा जातो. मूठ वळली की थोडे अडते. ‘काकू, भाकरी थापायचा हात करा’ म्हटले की बोटे जराशी सुटतात, तळवा पसरतो आणि पाण्याचा पुरता भार हातावर येतो. फोमच्या डंबेल्स नसल्या तरी त्यामुळे फारसे अडत नाही.

नावाने हाक मारणे, मागच्या आठवड्यात न आलेल्या मावशींची चौकशी करणे, हे व्यायामशास्त्रात नसले तरी हजेरी त्यावरच टिकते. बॅच संपल्यावर कोणीतरी डब्यातून आणलेल्या सुशिल्याचा, म्हणजे फोडणीच्या भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, वाटा यातही कमी नाही.

कपडे आणि काळजी

सुती पंजाबी ड्रेस पाणी पिऊन जड होतो, अंगाला गुंडाळतो आणि कधीकधी रंग सोडतो. टँकवाले त्याला नाही म्हणतात ते यासाठी. नायलॉन किंवा लायक्राची पूर्ण बाह्यांची कुर्ती आणि घोट्यापर्यंतची लेगिंग मिळते, ती चालते. वेगळी महिला बॅच, बंद होणारी चेंजिंग रूम आणि त्या वेळेत मोबाइलला बंदी असली की निम्मा संकोच जातो. मधुमेहींनी रबरी तळाचे बूट घालावेत. खरबरीत फरशीने तळपाय सोलला तरी त्यांना कळतही नाही. ताप, जुलाब किंवा उघडी जखम असेल तर त्या दिवशी उतरू नये. हृदयविकार किंवा फिट्स असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे. पाण्यात घाम जाणवत नाही, पण येतो. काठावर पिण्याच्या पाण्याची बाटली हवीच. आणि कोच कितीही चांगला असला तरी जीवरक्षक वेगळा असावा, कारण गाण्यात गुंतलेल्या माणसाचे सगळ्यांकडे लक्ष राहत नाही.

ऋतू आणि पाणी

या व्यायामाला २८ ते ३० अंश सेल्सिअसचे पाणी सुखाचे. पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते, म्हणून थंड पाण्यात उभे राहून सूचना ऐकणे नकोसे होते. परभणीत पारा दहा अंशांखाली उतरतो त्या दिवसांत उघड्या टँकवर सकाळची बॅच धरू नये. धरलीच तर सुरुवातीपासून हलते ठेवावे. मे महिन्यात उलटी गत : ४० अंशांच्या वरच्या दुपारी उघड्या टँकचे पाणी तापते, तेव्हा जोराचा व्यायाम सकाळी उरकलेला बरा.

मराठवाड्यात टँकची गोष्ट पाण्याच्या टंचाईशिवाय सांगता येत नाही. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल टँकमध्ये सुमारे ४ लाख ७० हजार लिटर पाणी मावते. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन आलेल्या पहिल्या रेल्वेगाडीत साधारण ५ लाख लिटर होते. टँकचे पाणी रोज बदलत नाहीत, गाळून आणि क्लोरीन घालून तेच फिरवतात. तरीही उन्हाने उडालेले आणि फिल्टर धुण्यात गेलेले भरून काढावे लागते, आणि नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरात ते लोकांच्या डोळ्यांवर येते. टंचाईत टँक बंद होतात. अशा वेळी काही बॅच फुटतात. काही जणी त्याच वेळेला मैदानावर चालायला जमतात, आणि टँक पुन्हा भरला की त्या पाइप न धरता थेट छातीइतक्या पाण्यात उतरतात.